आधी कान पाहा, मग फोटो काढा

पावसाळ्यात भाताच्या खाचरातले पाणी रातोरात उतरले की जाणता शेतकरी बांधाच्या कडेने वाकून चालू लागतो. खेकड्याने कोठेतरी बीळ केले आहे हे त्याला ठाऊक असते. बिळाचे तोंड सापडते ते अंगठ्याएवढे. पण बीळ आत किती गेले आहे, सरळ गेले आहे की वळले आहे, पलीकडच्या पाटापर्यंत पोचले आहे की काय, हे त्या तोंडावरून कळत नाही. उतावळा माणूस कुदळ मारीत सुटतो आणि सगळा बांध ढासळून बसतो. शहाणा माणूस आधी बिळात काठी घालून त्याची दिशा आणि खोली पाहतो, मग लागेल तेवढेच खणतो आणि चिखलाने घट्ट बुजवून टाकतो.

आज ज्या रोगाविषयी लिहावयाचे आहे तो रोग कानाच्या नळीत असेच बीळ करतो. डॉक्टर त्याला कानाच्या बाह्य नळीचा कोलेस्टिआटोमा म्हणतात. नाव अवघड आहे, पण गोष्ट समजण्याजोगी आहे. या रोगातही आतले बीळ किती लांब गेले आहे हे आधी समजले तरच इलाज बिनचूक होतो. कानात मात्र काठी घालावयाची नसते. तेथे काठीचे काम सीटी स्कॅन नावाचे यंत्र करते.

वाचक विचारतील की, लाखात एखाद्याला होणाऱ्या रोगासाठी शेतकऱ्यांच्या पानावर एवढी जागा कशाला? प्रश्न रास्त आहे. हा रोग खरोखरच विरळा आहे. कानाच्या डॉक्टरांकडे येणाऱ्या हजार नव्या रुग्णांत तो साधारण एखाद्याला सापडतो. डेन्मार्कमध्ये मोजदाद झाली तेव्हा वर्षाला लाखामागे एकाहूनही कमी, म्हणजे सुमारे 0.3 इतके नवे रुग्ण आढळले. परंतु रोग विरळा असला तरी त्याची सुरुवात ज्या तक्रारीने होते ती तक्रार घरोघर ऐकू येते. म्हाताऱ्या माणसाचा एकच कान ठुसठुसतो, अधूनमधून वाहतो, आणि घरचे म्हणतात, "वयोमानाने व्हायचेच." येथेच चूक होते. आणि आता दुसऱ्या बाजूनेही एक चूक होऊ लागली आहे. कान न दाखवताच माणसे थेट फोटो काढून मोकळी होतात. या दोन्ही चुकांविषयी चार शब्द स्पष्टपणे सांगावेत म्हणून हा लेख.

कानाची नळी स्वतःच स्वतःला झाडते

कानाच्या बाहेरच्या भोकापासून पडद्यापर्यंतची नळी मोठ्या माणसात जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब असते. तिचा बाहेरचा तिसरा हिस्सा कुर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा असतो. आतला दोन तृतीयांश भाग पक्क्या हाडाचा असून त्यावर कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ कातडी असते. आपल्या अंगावरची मेलेली कातडी अंघोळीच्या वेळी घासून निघते. कानाच्या नळीत हात पोचत नाही. म्हणून तेथे निसर्गाने निराळी योजना केली आहे. पडद्याच्या मध्यापासून कातडी हळूहळू बाहेरच्या दिशेने सरकत असते. वेग साधारण नख वाढण्याइतका, म्हणजे दिवसाला एक दशांश मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. मळणी यंत्राच्या पट्ट्यावरून भुसा बाहेर पडावा तसा मळ आणि मेलेली कातडी त्याबरोबर बाहेर येते. निरोगी कानाला म्हणूनच कोरण्याची गरज नसते.

काही माणसांत, बहुधा चाळिशी-पन्नाशी उलटल्यावर, नळीच्या एखाद्या जागी ही चाल मंदावते. त्या जागचा रक्तपुरवठा कमी पडत असावा असे तज्ज्ञ मानतात. कधी जुनी इजा, कधी कानाचे पूर्वीचे ऑपरेशन, कधी कर्करोगासाठी घेतलेले किरणांचे उपचार हे कारण असते. वारंवार कान कोरल्याने होणाऱ्या बारीक जखमांवरही संशय आहे. पुष्कळदा तर काहीच कारण सापडत नाही. कारण कोणतेही असो, त्या एका जागी मेलेली कातडी साचत जाते. ती कुजते, जंतू शिरतात, आणि खालचे हाड झिजू लागते. बहुधा नळीचा तळ किंवा मागची भिंत यांतच हा खळगा पडतो. खळग्यात आणखी कातडी साचते आणि खळगा आणखी खोल होतो.

कोलेस्टिआटोमा हे नाव योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने 1838 मध्ये दिले. नाव फसवे आहे. यात कोलेस्टेरॉलची गाठ नसते आणि हा कर्करोगही नव्हे. साठलेल्या कातडीची ती एक पिशवी असते, इतकेच. परंतु ज्या जागी ती वाढते त्या जागेच्या शेजाऱ्यांमुळे ती धोक्याची ठरते.

हे शेजारी कोण? नळीच्या मागे मास्टॉइड नावाचे पोकळ खणांचे हाड आहे. त्याच बाजूला हाडाच्या बारीक बोगद्यातून चेहरा हलवणारी शीर खाली उतरते. पुढे जबड्याचा सांधा आहे. पडद्यापलीकडे ऐकण्याची तीन नाजूक हाडे आहेत. वर हाडाचे पातळ छप्पर असून त्यावर मेंदू आहे. खाली डोक्यातले रक्त परत नेणारी मोठी रक्तवाहिनी आहे. एवढ्याशा जागेत इतके शेजारी दाटीवाटीने राहतात. म्हणून बीळ कोणत्या दिशेला गेले हे कळणे फार महत्त्वाचे असते.

फसवणूक कोठे होते

या रोगात ऐकू येणे पुष्कळदा चांगले राहते. पडदाही बहुधा शाबूत असतो. दुखणे असते ते असह्य नसते, ठुसठुसणारे असते. ते सहन करीत माणूस नांगरट करतो, दूध काढतो, बाजाराला जातो. ज्या दुखण्याने माणूस गडबडा लोळत नाही त्या दुखण्याला आपल्याकडे कोणी रोग म्हणत नाही. महिनेच्या महिने कोमट खोबरेल, लसणीचे तेल, मेडिकलच्या दुकानातून आणलेले थेंब असे चालू राहते. तेलाने वरचा मळ मऊ होतो, दोन दिवस बरे वाटते, आणि आतले काम आत चालूच राहते.

दुसरी फसवणूक अशी की, बाहेरून पाहता इतर रोगही असेच दिसतात. त्यांतले तीन ध्यानात ठेवण्याजोगे आहेत.

पहिल्याला केराटोसिस ऑब्टुरन्स म्हणतात. यात मेलेल्या कातडीचा घट्ट बूच संपूर्ण नळीत बसतो. हा बहुधा तरुणांत आणि पुष्कळदा दोन्ही कानांत होतो. दुखणे तीव्र असते आणि ऐकू कमी येते. लंडनच्या जोसेफ टॉयन्बी या कानाच्या डॉक्टराने 1850 मध्ये अशा रोगाचे वर्णन केले. पुढे शंभरावर वर्षे हे दोन्ही रोग एकच समजले जात. 1980 मध्ये पायपरगर्डीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते निरनिराळे असल्याचे दाखवून दिले. हा भेद पुस्तकी नाही. बूच असेल तर तो काढून नळी वेळोवेळी साफ ठेवली की बहुधा भागते. बीळ असेल तर हाडाचा विचार करावाच लागतो.

दुसरा रोग म्हणजे मधुमेही वृद्धांच्या कानाचा उग्र जंतुदोष. स्युडोमोनास नावाचा जंतू कानाच्या नळीतून कवटीच्या तळाच्या हाडात शिरतो. यात रात्रीची झोप उडवणारी कळ असते. हा जिवावर बेतणारा रोग आहे. त्याला आठवडेच्या आठवडे योग्य औषधे द्यावी लागतात.

तिसरा म्हणजे नळीचा कर्करोग. तोही विरळा आहे. पण तोही वाहतो, दुखतो आणि हाड खातो.

चौघांचेही तोंड एकच, म्हणजे वाहणारा, दुखणारा कान. आत मात्र चार निरनिराळ्या गोष्टी. चुकीच्या रोगावर बरोबर औषध देऊनही उपयोग होत नाही. खोडकिडीवर करप्याचे औषध मारून ऊस वाचत नाही हे शेतकऱ्याला वेगळे सांगावयास नको.

यंत्र काढले ते शेतकऱ्याच्या मुलाने

विल्हेल्म रन्टगेन यांनी 1895 मध्ये क्ष-किरण शोधून काढले आणि हाडांचे फोटो निघू लागले. परंतु साध्या एक्स-रेमध्ये सगळी हाडे एकावर एक पडलेली दिसतात. पेंढीतली मधली काडी बाहेरून पाहावी तसा तो प्रकार. कानाचे हाड तर कवटीतले सर्वांत गुंतागुंतीचे. त्यातला लहानसा खळगा साध्या फोटोत हरवून जातो.

ही अडचण ज्याने सोडविली तो गॉडफ्रे हाउन्सफील्ड इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायर परगण्यातल्या एका शेतकऱ्याचा मुलगा. 1919 चा जन्म, पाच भावंडांत धाकटा. शेतावरची यंत्रे उलगडून पाहण्यातच त्याचे बालपण गेले. पुढे ईएमआय या कंपनीत काम करताना त्याला कल्पना सुचली की, एखाद्या वस्तूतून अनेक बाजूंनी किरण सोडले आणि आलेली सगळी मापे संगणकाला दिली तर त्या वस्तूचा आतला काप न कापता दिसू शकेल. पहिल्या प्रयोगात एका चित्राची मापे घ्यावयास नऊ दिवस लागले. प्रयोगासाठी त्याने बैलांचे मेंदूही वापरले. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या डोक्याचा असा फोटो निघाला. 1979 मध्ये हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉर्मॅक यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले.

त्या पहिल्या यंत्राचे काप सुमारे एक सेंटिमीटर जाडीचे असत. अडीच सेंटिमीटरच्या कानाच्या नळीत तसे काप दोन-तीनच बसणार. आज कानाच्या हाडासाठी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे बारीक काप घेतात आणि काम काही सेकंदांत उरकते. रुग्णाने फक्त डोके न हलवता पडून राहावयाचे. सुई नाही, कळ नाही. कानाच्या हाडासाठी शिरेतून औषध टोचण्याचीही बहुधा गरज पडत नाही.

फोटोत डॉक्टर काय शोधतात

या रोगात फोटोवर दोन गोष्टी एकत्र दिसतात. नळीच्या एका बाजूला मऊ पदार्थाचा गोळा, आणि त्याच्या खाली खाल्लेले, ओबडधोबड कडांचे हाड. कधी कधी त्या गोळ्यात हाडाचे बारीक कणही अडकलेले दिसतात. वाळवीने खाल्लेल्या चौकटीत लाकडाचा भुगा सापडावा तसे. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेरा रुग्णांच्या एका अमेरिकन अभ्यासात असे कण सुमारे निम्म्या रुग्णांत आढळले होते. म्हणजे कण दिसले तर खूण पक्की होण्यास मदत होते. न दिसले म्हणून रोग नाही असे म्हणता येत नाही. केराटोसिसच्या बुचात चित्र निराळे असते. तेथे नळी सगळ्या बाजूंनी सारखी रुंदावलेली दिसते, एकाच जागी बीळ पडलेले नसते.

त्यानंतर डॉक्टर एकेका शेजाऱ्याच्या दारात जाऊन पाहतात. बीळ मास्टॉइडमध्ये शिरले आहे काय? चेहऱ्याच्या शिरेच्या बोगद्याची भिंत शाबूत आहे काय? पडद्यापलीकडे गेले आहे काय? जबड्याच्या सांध्याला लागले आहे काय? मेंदूखालचे छप्पर पक्के आहे काय? या प्रश्नांच्या उत्तरांवर पुढचा सगळा इलाज अवलंबून असतो. खळगा उथळ असेल आणि साफ करता येत असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली ठरावीक दिवसांनी साफसफाई आणि औषध यांवर भागू शकते. खळगा खोल असेल, दुखणे आणि वाहणे थांबत नसेल, किंवा शेजारच्या भागात शिरकाव झाला असेल, तर ऑपरेशन करून पिशवी आणि मेलेले हाड काढतात आणि त्या जागी स्वतःच्याच अंगातला पापुद्रा किंवा कातडी बसवतात.

आता कल्पना करा की, फोटो न काढताच ऑपरेशनला हात घातला. चेहऱ्याच्या शिरेवरचे हाड रोगाने आधीच खाल्लेले आहे आणि ते सर्जनला ठाऊक नाही. शीर उघडी पडलेली असताना हत्यार लागले तर माणसाचे अर्धे तोंड वाकडे होते, डोळा मिटत नाही, घोटलेले पाणी ओठातून गळते. बांध ढासळला तर पुढच्या वर्षी घालता येतो. तुटलेली शीर पुन्हा पहिल्यासारखी होईलच असे नाही.

पहिली चूक: "फोटो म्हणजे पैसे उकळण्याचा धंदा"

आपल्या लोकांत हा समज पक्का बसला आहे आणि तो सर्वस्वी निराधार आहे असेही नाही. गरज नसताना तपासण्या लिहून देण्याचे प्रकार घडतात हे नाकारून चालणार नाही. परंतु एका बाजारात भेसळीचे बियाणे मिळाले म्हणून कोणी पेरणी सोडून देत नाही. तो बियाणे पारखावयास शिकतो. तपासणीचेही तसेच आहे. कानाच्या डॉक्टराने कान साफ करून पाहिला, हाड उघडे दिसले किंवा खळगा दिसला, आणि मग सीटी लिहून दिला, तर तो खर्च वायफळ नव्हे. बैल घेण्यापूर्वी त्याचे दात पाहण्याइतकी ती साधी समजूत आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हीच तपासणी खासगी केंद्रापेक्षा पुष्कळ कमी खर्चात होते. चौकशी करण्यात कमीपणा कसला?

किरणांची भीतीही अनेकजण बोलून दाखवतात. डोक्याच्या सीटीतून मिळणारे किरण हे साधारणपणे माती, दगड आणि आकाश यांपासून आपल्याला वर्षभरात मिळणाऱ्या किरणांच्या मानाचेच असतात. वयस्क माणसाच्या एका आवश्यक फोटोपेक्षा हाड खाणारा रोग कितीतरी अधिक घातक आहे. गरोदर स्त्रीने मात्र तसे आधीच सांगावयास हवे. आणि हौसेखातर वरचेवर फोटो काढीत बसणे कोणाच्याही हिताचे नाही.

दुसरी चूक: "डॉक्टर नको, थेट स्कॅनच करा"

ही चूक नवी आहे आणि ती शिकलेल्या मुलांकडून अधिक होते. बाप कान दुखतो म्हणतो, मुलगा शहरातून पैसे पाठवतो आणि म्हणतो, "उगाच दहा डॉक्टर नकोत, एकदा स्कॅनच करून टाका." मुलाचे प्रेम खरे आहे, पण क्रम उलटा झाला. नळीत साधा मळ भरलेला असला तरी फोटोत ती नळी भरलेलीच दिसणार. मळ, पू, मेलेली कातडी, कर्करोगाचे मांस, सगळेच सीटीवर करड्या रंगाचे. ते निरनिराळे करणे त्या फोटोला पुष्कळदा जमत नाही. हाड खाल्लेले दिसले तरी ते कोणी खाल्ले हे फोटो ठामपणे सांगत नाही. त्यासाठी कानात नजर घालावी लागते, नळी साफ करावी लागते आणि संशय आला तर तुकडा काढून तपासावा लागतो. तुकड्याची तपासणी म्हटले की आपले लोक घाबरतात. वास्तविक पाहता कर्करोग नाही हे सांगणारीही तीच तपासणी आहे.

मधुमेह्यांच्या उग्र जंतुदोषात तर सीटी सुरुवातीला चक्क फसवू शकतो. हाडातला चुन्याचा अंश तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक गेल्याशिवाय झीज फोटोत नीट उमटत नाही. रोग शिरलेला असतो आणि फोटो म्हणतो, सर्व ठीक. अशा वेळी रुग्णाची कळ, त्याची साखर आणि डॉक्टरांचा हात यांचेच ऐकावे लागते.

एमआरआय हे दुसरे यंत्र. ते क्ष-किरणांवर नव्हे तर लोहचुंबकाच्या बळावर चालते. हाडाचे बारीक तपशील ते सीटीसारखे दाखवत नाही. परंतु मऊ भागांतला फरक ते चांगला दाखवते. त्यातल्या एका खास पद्धतीत साठलेली कातडी दिव्यासारखी उजळ दिसते. मेंदूच्या आवरणाला धक्का लागला आहे काय, किंवा ऑपरेशननंतर दडलेल्या जागी रोग पुन्हा आला आहे काय, अशा शंका असतील तर डॉक्टर ते सांगतात. प्रत्येकाला दोन्ही तपासण्या लागतात असे नाही. हृदयात यंत्र बसविले असेल किंवा अंगात धातूचा तुकडा असेल तर एमआरआयपूर्वी तसे सांगणे अत्यावश्यक आहे.

तर आमचे मत असे

फोटो हा नोकर आहे, मालक नव्हे. तो बोलावल्यावर यावा, वेळेवर यावा, आणि त्याला काय विचारावयाचे हे मालकाला ठाऊक असावे. येथे मालक म्हणजे कान पाहणारा जाणता डॉक्टर. आधी नजर, मग सफाई, मग फोटो, गरज असेल तर तुकड्याची तपासणी, आणि मग इलाज. हा क्रम पाळला तर या विरळ्या रोगातही धोका पुष्कळ कमी करता येतो. क्रम मोडला की एकतर पैसे वाया जातात, नाहीतर वेळ. या दोहोंत वेळ अधिक मोलाचा.

घरोघर उपयोगी पडावे म्हणून थोडक्यात सांगतो.

1. मोठ्या माणसाचा एकच कान दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ ठुसठुसत किंवा वाहत असेल तर तेल आणि थेंब थांबवून कानाच्या डॉक्टराला दाखवावे. ऐकू चांगले येते म्हणून कान चांगला आहे असे समजू नये.

2. रुग्णाला मधुमेह असेल आणि कानाच्या कळेने रात्री झोप येत नसेल तर आठवडाभरही थांबू नये.

3. तोंड एका बाजूला वाकडे होणे, डोळा न मिटणे, चक्कर, कानामागे सूज, ताप आणि तीव्र डोकेदुखी यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

4. काडेपेटीची काडी, आकडा, पिन, किल्ली, कापूस गुंडाळलेली काडी यांपैकी काहीही कानात घालू नये. आठवड्याच्या बाजारात किंवा जत्रेत कान कोरणाऱ्यापुढे कान देऊ नये. नळी आपली आपण साफ होत असते.

5. सीटी सांगितल्यास डॉक्टरांना नम्रपणे विचारावे: "कानात काय दिसले म्हणून हा फोटो? त्यावरून इलाज बदलणार आहे काय?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. उत्तर समजेपर्यंत विचारावे.

6. फोटोच्या फिल्मा आणि कागद एका पिशवीत जपून ठेवावेत, छपराच्या वाशाला खोचून ठेवू नयेत. पुढच्या वेळी जुना फोटो शेजारी ठेवल्यानेच बीळ वाढले की नाही हे कळते. जुनी फिल्म हरवली की तोच खर्च पुन्हा होतो.

7. साफसफाईवर ठेवलेल्या रुग्णाने बरे वाटले म्हणून खेपा बंद करू नयेत. ऑपरेशन झालेल्यानेही दाखवत राहावे. ज्या जागची कातडी सरकावयाची थांबली ती जागा पुन्हा साचू शकते.

शेवटी घरातल्या कर्त्या माणसांना एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. गाईने दोन दिवस वैरण सोडली तर आपण तालुक्याहून जनावरांचा डॉक्टर आणतो. आजी चार महिने कानाला हात लावून बसते तेव्हा मात्र आपण म्हणतो, पेरणी होऊ द्या, मळणी होऊ द्या, मग बघू. म्हातारी माणसे स्वतःहून गाडीभाडे मागत नाहीत. आपल्यामुळे खर्च नको म्हणून ती दुखणे कमी करून सांगतात. तेव्हा त्यांच्या "काही नाही रे, थोडेसेच आहे" यावर विसंबून राहू नका. येत्या बाजाराच्या दिवशी भाजीच्या टोपलीबरोबर आजीलाही गाडीत घ्या आणि तिचा कान दाखवून आणा. बहुधा साधा मळच निघेल आणि सगळे हसत घरी याल. पण हजारांत एखादीच्या कानात ते बीळ असेल, तर ते वेळेवर सापडेल.